रॅमचे आकडे: मेगाहर्ट्झ नको, नॅनोसेकंद मोजा

विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरातले धडधाकट डेस्कटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ त्यांना दारात उभं करत नाही. मग कुणी त्यावर लिनक्स टाकतं. कॅबिनेट उघडलंच आहे, धूळ झटकलीच आहे, तर जरा बायोसमध्ये शिरून वेग वाढवून बघू, असा किडा त्याच वेळी डोक्यात वळवळतो. हा किडा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो वाईटही नाही. चालतं यंत्र कचऱ्यात टाकण्यापेक्षा त्याच्याशी खेळून चार गोष्टी शिकणं केव्हाही बरं. फक्त रॅमच्या बाबतीत दोन गोष्टी तुमच्या कानावर घालायच्या आहेत. पहिली गणिताची. दुसरी मी स्वतः पाय घसरून शिकलो ती.

परवा एका मित्राचा फोन आला. त्याच्याकडे २०१२ सालचा इंटेलचा आय५-३५७०के प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम आहे. "अरे, रॅम १६०० वर चालते तेव्हा सीएल ९ आहे. २१३३ केली तर सीएल ११ मागते. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असंच ना?"

असं नाही. पण त्याला तसं वाटलं यात त्याचा दोष नाही. रॅमच्या खोक्यावर ९-९-९-२४ असे आकडे छापलेले असतात, त्यांना एकक नसतं. ते सेकंद नाहीत, नॅनोसेकंदही नाहीत. ते घड्याळाचे ठोके आहेत, आणि घड्याळच जोरात चालायला लागलं की तेवढ्याच वेळात जास्त ठोके पडतात.

हिशेब सोपा आहे. २००० ला रॅमच्या वेगाने भागा, एका ठोक्याचा वेळ नॅनोसेकंदात मिळतो. (आपण '१६०० मेगाहर्ट्झ' म्हणतो ते खरं तर चूक आहे. घड्याळ ८०० चंच असतं, एका ठोक्यात दोनदा माहिती जाते म्हणून १६००. त्यामुळे १००० ऐवजी २०००.) म्हणजे १६०० ला एक ठोका १.२५ नॅनोसेकंदांचा. त्याला सीएल ९ ने गुणलं की ११.२५ नॅनोसेकंद. आता २१३३ ला सीएल ११ चं गणित करा: १०.३१. थांबावं लागणारा वेळ वाढला नाही, उलट जवळजवळ एक नॅनोसेकंद कमी झाला. शिवाय दोन चॅनेल मिळून माहिती वाहून नेण्याची क्षमता सेकंदाला २५.६ जीबीवरून ३४.१ जीबीवर गेली. दोन्हीकडून फायदाच.

पण तीच रॅम २१३३ वर सीएल ११ ला टिकली नाही आणि तुम्ही तिला १३ दिला, तर १२.१९. आता वाट पाहण्याचा वेळ वाढला. आणि कुणी १६०० वरच राहून सीएल ७ जमवला, तर ८.७५. वाट पाहण्याच्या शर्यतीत हा साधा दिसणारा १६०० वाला पहिला येतो आणि २१३३ च्या स्क्रीनशॉटवर मिरवणाऱ्याला ते कळतही नाही.

आता थोडं मागे जाऊन पाहू. डीडीआर-४०० ची चांगली रॅम, सीएल २: १० नॅनोसेकंद. डीडीआर२-८००, सीएल ४: १०. डीडीआर३-१६००, सीएल ८: १०. डीडीआर४-३२००, सीएल १६: १०. आजची डीडीआर५-६०००, सीएल ३०: पुन्हा १०. वीस-बावीस वर्षांत खोक्यावरचा आकडा ४०० चा ६००० झाला, पंधरापट. पहिला दाणा हातात पडायला लागणारा वेळ जागचा हलला नाही.

असं का होतं, ते कळलं की टायमिंगची सगळी भानगड आपोआप उलगडते. त्यासाठी आपण जुन्या वाण्याच्या दुकानात जाऊ. पुढे काउंटर, मागे अंधारं कोठार, कोठारात पोत्यांच्या रांगा. तुम्ही म्हणता, तूरडाळ द्या. पोऱ्या मागे जातो आणि तुरीचं अख्खं पोतं काउंटरवर आणून ठेवतो. याला लागणारा वेळ म्हणजे टीआरसीडी, आकड्यांच्या मालिकेतला दुसरा. पोतं काउंटरवर आल्यावर त्यातून मापभर डाळ तुमच्या पिशवीत पडेपर्यंतचा वेळ म्हणजे सीएल, मालिकेतला पहिला. आता तुम्ही म्हणालात, अजून पाव किलो तूरच द्या, तर काम झटपट होतं, पोतं समोरच आहे. पण म्हणालात, आता साखर, तर आधी तुरीचं पोतं परत जागेवर जायला हवं, तो टीआरपी, तिसरा आकडा. त्यानंतर साखरेचं पोतं यायचं. चौथा आकडा, टीआरएएस, म्हणजे एकदा आणलेलं पोतं किमान किती वेळ काउंटरवर राहिलंच पाहिजे.

किमान का राहायला हवं? इथे दुकान आणि रॅम वेगळे होतात. रॅममधली प्रत्येक 'शून्य-एक'ची नोंद म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, ही रॉबर्ट डेनार्ड यांची आयबीएममधली कल्पना. १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आजतागायत आपण त्यावरच जगतो आहोत. हा भार इतका थोडा असतो की तो वाचायचा म्हणजे लांब तारेवर सांडायचा, आणि तारेच्या विद्युतदाबात पडलेला किंचित फरक संवेदक परिपथाने ओळखायचा. म्हणजे वाचलं की मूळ नोंद पुसलीच जाते. ती पुन्हा भरावी लागते, आणि ती नीट भरेपर्यंत रांग बंद करता येत नाही. भार सांडणं, फरक ओळखणं, परत भरणं, ही सगळी डिजिटल नव्हे तर चक्क पाणी वाहण्यासारखी क्रिया आहे. तारेची लांबी, तिचा रोध, कपॅसिटरचा आकार, यांवर ती ठरते. घड्याळाने तिला कितीही दटावलं तरी ती आपल्याच चालीने होते.

मग वेग वाढला कुठे? दाराशी. डीडीआर-४०० च्या आतला कोठाराचा भाग २०० मेगाहर्ट्झनेच चालायचा, प्रत्येक खेपेला दोन नोंदी उचलायचा. डीडीआर२-८०० चं कोठारही २०० नेच चालायचं, फक्त चार उचलायचं. डीडीआर३-१६०० चंही २००, आता आठ. पोऱ्या तोच, चाल तीच, त्याच्या हातातली टोपली मोठी झाली.

हे लक्षात आलं की 'वेग की टायमिंग' या वादातलं बरंचसं वाफाळणं निवून जातं. सलग भरपूर माल न्यायचा असेल तर टोपली मोठी हवी, म्हणजे वेग. घडीघडीला वेगळं पोतं लागत असेल तर फेरी लवकर हवी, म्हणजे टायमिंग. तुमच्या जुन्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल, तर ते चित्रं रॅममधूनच ओढतं. तिथे वेग वाढवण्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. फायली झिप करणं, मोठे डेटाबेस चाळणं, यांत टायमिंग हात देतं. आणि तुम्ही फक्त बातम्या वाचत असाल, आईशी व्हिडिओ कॉल करत असाल, तर या सगळ्या खटाटोपातून तुम्हाला काहीही जाणवणार नाही. हे मी अनेकांना सांगतो आणि त्यांना ते आवडत नाही.

अजून एक गोष्ट मनाला लावून घ्या. सीएलचे ते दहा नॅनोसेकंद म्हणजे पूर्ण प्रवास नव्हे. प्रोसेसरने मागणी केल्यापासून ती तीन कॅशमध्ये शोधून, मेमरी कंट्रोलरमधून रॅमपर्यंत जाऊन परत यायला अशा मशीनवर ढोबळमानाने पन्नास-साठ नॅनोसेकंद लागतात. सीएल एका ठोक्याने कमी करायला तुम्ही तीन रात्री जागलात, तर या साठातला एक-सव्वा नॅनोसेकंद वाचला. शिवाय या पिढीच्या प्रोसेसरमध्ये तिसरी कॅश गाभ्याच्याच घड्याळावर चालते. त्यामुळे प्रोसेसरचा वेग थोडा वाढवला तर मेमरीपर्यंतची वाटही आपसूक थोडी आखूड होते. रॅमला हात लावण्याआधी तिकडे बघा.

आणि त्याच्याही आधी रॅमच्या पट्ट्या बरोबर खाचांत आहेत का ते बघा! माझ्या या मित्राच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत होत्या आणि त्या दोन्ही खाचा एकाच चॅनेलच्या. म्हणजे २५.६ ऐवजी १२.८ जीबी. बारा वर्षं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. त्याने मदरबोर्डची पुस्तिका बघून एक पट्टी उचलून पलीकडे लावली, तेव्हा जेवढं मिळालं तेवढं पुढच्या सगळ्या उद्योगात मिळणार नव्हतं.

एवढं गणित झालं. आता पाय घसरला त्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी मीही याच पिढीचं मशीन असंच तासत बसलो होतो. वेग १८६६, सीएल ९, म्हणजे ९.६५ नॅनोसेकंद. पट्ट्यांना ठरलेल्या १.५ ऐवजी १.६५ व्होल्ट. सगळं छान चाललं, म्हणून हाव सुटली आणि मी रिफ्रेशला हात घातला.

रिफ्रेश म्हणजे काय? तो कपॅसिटर गळका असतो. भरलेला भार हळूहळू झिरपून जातो, म्हणून प्रत्येक रांग ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा वाचून परत भरावी लागते. त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रॅमला एक रिफ्रेशची आज्ञा जाते. ४ गिगाबिटच्या डीडीआर३ चिपला ती पुरी करायला २६० नॅनोसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ रॅम तुमच्यासाठी बंद असते. भागाकार केला तर वेळेतला सव्वातीन टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा यात जातो. मला वाटलं, हा सव्वातीन टक्के म्हणजे फुकटचं वाया. बायोसमध्ये रिफ्रेशचं अंतर वाढवायची सोय होती. मी ते चौपट केलं. मेमटेस्टच्या दोन फेऱ्या घेतल्या. एकही चूक नाही. तेव्हा जानेवारी होता आणि वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत स्वेटर घालून बसावं लागत होतं.

कपॅसिटर किती गळतो हे तापमानावर अवलंबून असतं. जितकं गरम तितकं जास्त. म्हणूनच मानकातच लिहिलेलं आहे की चिप ८५ अंश सेल्सियसच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करायचा. मी उलट दिशेला गेलो होतो. जुलैत त्या खोलीत पंखा लावूनही घाम यायचा, आणि त्याच जुलैत मी घरच्या जुन्या फोटोंच्या फायली एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलवल्या. वडिलांनी काढलेले फोटो, आजोळचं कौलारू घर, पडवी, विहिरीवरचा रहाट. ते घर आता नाही. मूळ निगेटिव्ह वाळवीने खाल्ल्या होत्या. हलवून झाल्यावर मी जुनी डिस्क पुसली.

मशीन एकदाही बंद पडलं नाही, निळा पडदा आला नाही. दिवाळीत भावाला दाखवायला फोटो उघडले तेव्हा एका फोटोत घराचा वरचा अर्धा भाग ठीक आणि खालचा भाग करडा. दुसऱ्यात पडवीपासून खाली सगळं गुलाबी आणि बाजूला सरकलेलं. एकूण ४१ फोटो.

जेपेगमध्ये असं होतं कारण तिथे माहिती कमी-जास्त लांबीच्या संकेतांत एकामागोमाग एक गुंफलेली असते. मधला एक बिट उलटला की त्यापुढचा प्रत्येक संकेत चुकीच्या जागेपासून वाचला जातो. साध्या मजकुरात नुकसान लहान असतं पण गमतीदार. युनिकोडमध्ये 'क' आणि 'ग' यांच्यात फक्त एका बिटचा फरक आहे. तो बिट उलटला की 'काय' ची 'गाय' होते, आणि कुठलाही स्पेलचेकर तक्रार करणार नाही.

यातली खरी वाईट गोष्ट अशी की डिस्कवर संशय घेऊन उपयोग नसतो. फाइल डिस्कवरून रॅममध्ये नीट आली, रॅममध्ये एक बिट उलटला, आणि ती बिघडलेली फाइल दुसऱ्या डिस्कवर अगदी प्रामाणिकपणे लिहिली गेली. फाइल-सिस्टिम बेरीज ठेवत असेल तर ती बेरीजही बिघडलेल्या मजकुराचीच. साक्षीदार, पंचनामा सगळं व्यवस्थित, फक्त मूळ जबानी खोटी. सर्व्हरमध्ये असली चूक पकडणारी ईसीसी रॅम असते. आपल्या जुन्या आय५ मध्ये ती चालतच नाही.

"पण ओव्हरक्लॉक न करताही चुका होतातच की!" असं कुणीतरी म्हणेल. होतात. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका नोंदल्या गेल्या. २०१४ मध्ये कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी दाखवलं की एकच रांग पुन्हा पुन्हा उघडली तर शेजारच्या रांगेतले बिट उलटतात. त्यांनी तपासलेल्या १२९ डीडीआर३ पट्ट्यांपैकी ११० मध्ये हे घडलं, आणि तेही उत्पादकाच्याच सेटिंगवर. मी यातून उलटा अर्थ काढतो. कारखान्यातून येतानाच ज्या वस्तूत हाताशी एवढीच शिल्लक आहे, ती शिल्लक आपण एक-दोन टक्क्यांसाठी उडवायची का? मजेसाठी उडवायची तर उडवा, पण त्या मशीनवर मग आजोळ ठेवू नका.

म्हणून माझं मत असं आहे, आणि ओव्हरक्लॉकिंगवाल्या मित्रांना ते फार मिळमिळीत वाटतं. तुमच्या पट्ट्या १.५ व्होल्टवर जो वेग सहज पेलतात त्याच्याही एक पायरी खाली थांबा, आणि तिथे सीएल, टीआरसीडी, टीआरपी असे बसवा की प्रत्येकी दहा-अकरा नॅनोसेकंदांच्या आसपास येतील. टीआरएएसला तीसच्या खाली दाबू नका. रिफ्रेशचे दोन्ही आकडे बोर्डावर सोपवा. एका वेळी एकच आकडा बदला आणि वहीत लिहून ठेवा, कारण चौथ्या दिवशी कुठला बदलला ते कुणालाच आठवत नाही. मेमटेस्ट८६+ ला दोन फेऱ्या नाही, अख्खी रात्र द्या, आणि ती रात्र वर्षातल्या सगळ्यात उकाड्याच्या आठवड्यातली असू द्या. आखातात राहणाऱ्यांनी एसी बंद ठेवून. गंमत नाही करत.

चार पट्ट्या लावल्या असतील तर अपेक्षा अजून कमी करा, कंट्रोलरवर भार वाढतो. दोन वेगळ्या जोड्या मिसळल्या असतील तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार सोडा आणि त्याऐवजी ८ च्या १६ जीबी झाल्या याचा आनंद माना. जुन्या मशीनला तोच फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

मित्राने शेवटी १८६६ आणि सीएल १० ठेवलं, १०.७२ नॅनोसेकंद, १.५ व्होल्ट. २१३३ त्याला मिळत होतं, पण पहाटे चारला मेमटेस्टने एक लाल ओळ दाखवली. एकच. तो म्हणाला, "एकच तर आहे!" मी त्याला पडवीचा तो गुलाबी फोटो पाठवला.

त्या ४१ पैकी २६ फोटो नंतर मावशीकडे सापडले. वडिलांनी तेव्हा तिच्यासाठी वेगळ्या प्रती छापल्या होत्या, तिने त्या साडीच्या खोक्यात ठेवल्या होत्या. रहाटाचा मात्र मिळाला नाही.